ज्याचं सोंग, त्याच्या दारात

"…म्हणजे माफी मागू, की नको?"

अंकुशने पुन्हा विचारलं. भिवा नाना बाभळीच्या कुंपणावर वाळत घातलेला खाकी सदरा उलटा करत होते. त्यांना उत्तराची घाई नव्हती. घाई अंकुशला होती.

"नाना, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतुया की. सदरा वला हाय अजून."

भिवा नाना म्हणजे बहुरूपी. फौजदाराचा वेश चढवायचा, शिट्टी फुंकत दारात उभं राहायचं, घरधन्यावर नसते गुन्हे लावायचे, घरादाराला हसवायचं आणि सूपभर जोंधळा घेऊन पुढच्या दाराला जायचं, असं आयुष्य काढलेला माणूस. आता वय झालंय. पण शिट्टी अजून गावाबाहेर ऐकू जाते.

अंकुश दरेकर त्यांचा शिष्य. अलीकडे मात्र शिष्य म्हणवून घ्यायला त्याला जरा अवघड जायचं. कॉलेजात असताना तो सुट्ट्यांत नानांमागे फिरला, आवाज काढायला शिकला, माणसाची चाल उचलायला शिकला. मग शहरात गेला, मोबाईलवर स्वतःचं चॅनल काढलं. नानांना जन्मात भेटली नसतील एवढी माणसं मला एका दिवसात भेटतात, असं तो म्हणायचा. भेटतात हा शब्द त्याचा.

त्याने दूध संघाच्या चेअरमनची नक्कल केली होती.

चेअरमन म्हणजे बापूसाहेब. त्यांना मोठं म्हणायची गावात पद्धत आहे. कशाने मोठे, ते विचारायची नाही.

नक्कल गावभर झाली, तालुकाभर झाली. मग बापूसाहेबांचा पुतण्या विक्रांत अंकुशच्या घरी येऊन उंबऱ्यात उभा राहिला. आज संध्याकाळी, दूध घालायच्या वेळी, सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागायची. आणि शपथ घ्यायची, की यापुढे कुणाचंही सोंग घेणार नाही. नाहीतर तक्रार. ती खऱ्या पोलिसांत.

तक्रारीला अंकुश घाबरलाच होता. पण त्याचं जेवण बंद झालं होतं ते शपथेच्या विचाराने. नक्कल सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं. दुसरं काही यावं असं वाटतही नव्हतं. शपथ घेतली तर उद्या सकाळी उठून करायचं काय?

"दाव," नाना म्हणाले.

"काय?"

"क्येलंस ते."

अंकुशने मोबाईल धरला. पडद्यावर अंकुश बापूसाहेब होऊन भाषण करत होता. मान मागे, पोट पुढे, बोट वर. 'आपलं दूध, आपला संघ' हे बापूसाहेबांचं नेहमीचं पालुपद. आणि तोंड एका बाजूला ओघळलेलं, त्यातून शब्द घरंगळत बाहेर.

मागच्या साली बापूसाहेबांना लकवा मारला होता. तेव्हापासून त्यांचं तोंड डावीकडे वाकडं.

नानांनी शेवटपर्यंत पाहिलं. हसले नाहीत.

"ह्याच्यात त्यो कुटं हाय?"

"कोण?"

"ज्याचं सोंग घ्येतलंस त्यो."

"तो कशाला असेल, नाना? माझ्या खोलीत केलंय हे."

"मंग त्वांड वाकडं केलंस ते कुणाकडं बगून?"

"मोबाईलकडे."

नानांनी मोबाईल हातात घेतला. उलटा केला. त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले…

"हिकडं तर कुनीच न्हाय."

अंकुशला राग आला. माणूस आधार मागायला येतो आणि त्याची अशी परीक्षा घेतात, याचा कुणालाही येईल.

"नाना, जमाना बदललाय. सकाळी उठून बातम्या बघा, जीव गुदमरतो. बोलायची सोय नाही. कुणाला कशाचा राग येईल सांगता येत नाही. एवढं एक हसणं उरलंय आमच्या हातात. तेही सोडायचं? माणसं माझं बघून हसतात, म्हणून तरी दिवस ढकलतात."

"हसली?"

"पोट धरून हसली."

"मंग?"

"मग काय?"

"हसून झाल्यावर काय क्येलं त्यांनी?"

अंकुशने नानांच्या हातातून मोबाईल परत घेतला.

"…पुढे पाठवलं."

"कुनाला?"

"दुसऱ्यांना. तेही हसले."

"आन दुसऱ्या दिशी दूध कुटं घातलं?"

"संघातच घातलं," अंकुश म्हणाला.

"म्हंजी राग त्यांच्या पोटात हुता, त्यो तू हसवून भायेर काढलास. बापूचं कामच क्येलंस की तू. बापूनं तुला फेटा बांदाया पायजे."

"फेटा कसला? हात जोडायला लावतायत."

"का? राग कशाचा आला त्याला? पाण्याचा?"

पाण्याचं प्रकरण गावाला पाठ होतं. म्हातारीकोतारी किटली घेऊन येतात, आणि यंत्र म्हणतं दुधात पाणी आहे, परत न्या. ती हिरमुसून परत जातात. आणि संघाचा टँकर मात्र शहराकडे निघण्याआधी रोज बापूसाहेबांच्या विहिरीवर थांबतो. अंकुशच्या नकलेत ते सगळं होतं. पण लोक हसले तोंडाला. शेअर केलं तेही तोंडच.

"पाण्याबद्दल विक्रांत काही बोलला नाही," अंकुश म्हणाला. "तोंडाबद्दलच बोलला."

"बोलंलच. त्वांडाचं दुखनं खरं त्याचं हाय. पान्याचं गाऱ्हानं गावाचं हाय."

नानांनी सदरा काढला, झटकला, अंगात घातला. ओलाच. मग टोपी. मग गळ्यात शिट्टी.

"नाना, कुठे निघालात?"

"तुज्यासंगट."

"मी माफी मागायला चाललोय."

"माग की. आन सोंग बी कर."

"कुठे?"

"त्याच्या दारात."

अंकुश हसला. मग नानांच्या तोंडाकडे पाहून हसायचा थांबला.

"मारतील, नाना."

"मारत्यात कदी कदी."

"तुम्हाला मारलंय?"

"फौजदाराच्या दारात फौजदाराचं सोंग केलं. काठी मोडस्तवर हानला मला."

"मग?"

"फुडल्या साली मला जायाला उशीर झाला. तर त्याच्या बायकूनं निरोप धाडला. म्हनली, साहेब इचारत्यात, बहुरूपी का आला न्हाय अजून…"

नाना चालू लागले होते. अंकुशने मोटरसायकल सुरू केली, बंद केली, आणि त्यांच्या मागे चालत निघाला.

"आमच्यात एक रीत हाय," नाना मागे न बघता म्हणाले. "ज्याचं सोंग, त्याच्या दारात. त्याच्या डोळ्यात बगून जेवढं करता येतंय, तेवढंच सोंग. बाकीची चुगली."

बापूसाहेबांचा बंगला आणि दूध संघाचं संकलन केंद्र एकाच अंगणात. कुणाचं अंगण कुठे संपतं, ते संघाला ठाऊक नाही. माफीसाठी दुधाची वेळ मुद्दाम धरली होती. किटल्या घेऊन रांगेत उभी असलेली सगळी माणसं प्रेक्षक म्हणून फुकटात मिळत होती.

ओट्यावर खुर्चीत बापूसाहेब. खांद्यावर शाल. बाजूला त्यांच्या बायको, अक्कासाहेब. पायरीवर विक्रांत, मोबाईल सरसावून.

"आला का कलाकार," विक्रांत म्हणाला. "ये, असा पुढे ये. हात जोड. बरोबर चेहरा दिसला पाहिजे."

तेवढ्यात शिट्टी वाजली.

अशी वाजली की रांगेतल्या एकीची किटली हिंदकळली.

"कोन हाय घरात? वारंट हाय," नाना गरजले आणि थेट ओट्यासमोर जाऊन उभे राहिले. "चेअरमन कोन? तुमच्या कोंबड्यानं फाटंला बांग दिली, परवानगी कुनाची घ्येतली?"

विक्रांत पायरी उतरला. "ए म्हाताऱ्या, हो बाजूला. इथं काम चाललंय."

बापूसाहेबांनी हात वर केला.

दारात आलेलं सोंग पुरं झाल्याशिवाय हाकलायचं नाही, हा इकडचा रिवाज. विक्रांतच्या पिढीला तो कुणी सांगितला नाही. बापूसाहेबांना त्यांच्या आईने सांगितला होता.

"कोंबड्याचा जबाब घ्येतला," नाना म्हणाले. "कोंबडा म्हनतो, मी झोपेत बोललो. म्हैस साक्षीला आली, ती शिंकली. म्हशीच्या शिंकंची वर्दी ठाण्यात का दिली न्हाय? दंड. येक पोतं वारा, पायलीभर ऊन, आन सावली उधार."

बापूसाहेब हसले.

आधी खांदे हलले. मग तोंड उघडलं, एकाच बाजूने. डाव्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली. अक्कासाहेबांनी पदराचं टोक घेऊन ती पुसली. रोजचंच काम असावं तशी पुसली, आणि त्याही हसत होत्या.

"कितीक दिवसांनी हसलं ह्ये," त्या कुणाला तरी म्हणाल्या.

विक्रांतने मोबाईल खाली केला. अंगण सगळं हसत होतं. रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

अंकुश पाहत होता. ते तोंड त्याने आरशासमोर बसून, घासून घासून बसवलं होतं. आणि ते असं पुसावं लागतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

नाना बाजूला झाले. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभे राहिले. अंकुशकडे पाहिलंही नाही.

अंकुश पुढे गेला. विक्रांतने मोबाईल पुन्हा वर केला.

"बापू," अंकुश म्हणाला, "मी तोंड वाकडं करून दाखवलं. ते तुमचं दुखणं आहे. त्याला हसायला मी लोकांना शिकवलं. माझं चुकलं. माफ करा."

हात जोडलेले होते. आवाज खरा होता. अक्कासाहेबांनी मान हलवली. तिथेच संपलं असतं तर सगळ्यांना सोयीचं झालं असतं.

"आता शपथ," विक्रांत म्हणाला. "म्हण, यापुढे कुणाचंही सोंग घेणार नाही."

अंकुशने नानांकडे पाहिलं.

"म्हण की."

"शपथ घेणार नाही."

"काय?"

"माफी मागितली. ती तोंडाची. पाण्याची नाही मागितली."

अंकुशने जोडलेले हात सोडले. मान मागे नेली. पोट पुढे काढलं. बोट वर केलं. तोंड मात्र सरळ ठेवलं. आणि बापूसाहेबांच्या अंगणात, बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाहून, बापूसाहेबांच्या आवाजात बोलू लागला.

"माझ्या दूध उत्पादक बंधू-भगिनींनो. आपलं दूध, आपला संघ."

आवाज इतका हुबेहूब, की अक्कासाहेबांनी एकदा नवऱ्याकडे वळून पाहिलं.

"परवा एक आजी आली. दुधात पाणी निघालं. मी म्हटलं, परत न्या. नियम म्हणजे नियम. म्हशीनं पाणी प्यावं, माझी हरकत नाही. माणसानं प्यावं, हरकत नाही. पण दुधानं पाणी प्यायचं नाही. दुधाला तहान लागलीच, तर त्यानं धीर धरावा. टँकरमध्ये बसावं. आणि मग काय प्यायचं ते माझ्या विहिरीवर प्यावं."

खोलीत, मोबाईलसमोर, याच वाक्याला त्याने मागून हशाचा आवाज जोडला होता.

इथे कुणी हसलं नाही.

तरी अंकुश थांबला नाही. बोट आणखी वर केलं.

"विहीर माझी, पाणी माझं, पण मी कधी पैसे मागितले का? संघासाठी मी पाण्यासारखं पाणी ओतलं."

कुणी हसलं नाही. रांगेतली माणसं बापूसाहेबांकडे पाहत होती. नकलेकडे नाही. खुर्चीतल्या बापूसाहेबांकडे.

अंकुशने बोट खाली केलं. सोंग संपलं. हात जोडून तो मागे सरला. कपाळावर घाम होता. एवढं वाईट सोंग आपण जन्मात केलं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

विक्रांत त्याच्या अंगावर धावला. गचांडी धरली.

"सोड," बापूसाहेब म्हणाले.

"काका, अहो त्यानं..."

"दारात केलंय त्यानं. सोड."

विक्रांतने सोडलं. माणूस कसाही असो, त्या एका शब्दापुरते बापूसाहेब मोठे होते. एवढं मान्य करायला हवं. त्यापुढचं नाही.

मग रांगेतून एक बाई पुढे आली. गंगूबाई गायखे. हिचं दूध आदल्या दिवशीच परत पाठवलं होतं. हातात किटली तशीच. तिने ती ओट्याच्या पायरीवर ठेवली. आवाज न करता ठेवली.

"बापू," ती म्हणाली, "पोरगं सोंग करतंय, जाऊ द्या. म्या इचारते. टँकर हिरीवर कशापायी थांबतो?"

अंगणात यंत्राची घरघर तेवढी चालू होती…

बापूसाहेबांनी बोलायला तोंड उघडलं. मिटलं.

"गाडी गरम होते, मावशे," विक्रांत मध्ये बोलला. "पाणी लागतं इंजिनाला. चला, दूध घाला आणि निघा. अंधार पडंल."

"ते इंजिनाचं झालं," मागून एक जण म्हणाला. धोतरवाला, वाकलेला. "वरचं झाकण कशापायी उघडतो मंग?"

अजून एक किटली पायरीवर आली. मग तिच्या शेजारी अजून एक. कुणी ओरडत नव्हतं. कुणी पुढे-मागे होत नव्हतं. माणसं नुसती उभी राहिली, आणि उभी राहिलेली माणसं किती जागा व्यापतात ते विक्रांतला तेव्हा कळलं. त्याने मोबाईल खिशात घातला. तो मघापासून चालू होता की बंद, त्यालाही आठवत नव्हतं.

"यंत्र बंद करा," गंगूबाई म्हणाली. "ऐकू येत न्हाय, बापू काय म्हनत्यात ते."

यंत्रावरच्या माणसाने बापूसाहेबांकडे पाहिलं. मग रांगेकडे पाहिलं. आणि यंत्र बंद केलं.

बापूसाहेबांनी शाल सारखी केली. अक्कासाहेबांचा पदर त्यांच्या तोंडाकडे गेला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला. आता त्यांना बोलावं लागणार होतं, आणि रांगेला ते पहिल्यांदाच नीट ऐकायचं होतं.

नाना फाटकापाशी गेले होते. आज त्यांना कुणी जोंधळा घातला नव्हता. अंकुश त्यांच्याजवळ गेला. तालुक्याला हसवणारा मुलगा, आणि आपल्याच गावाच्या अंगणात अशी फजिती.

"नाना… एकही माणूस हसला नाही."

नाना टोपी काढून घाम पुसत होते.

"हसली असती, तर घरला गेली असती."